मदत हवी आहे : ग्रामसभेत वस्तीवरच्या बायकांचं म्हणणं आराखड्यात कसं आणायचं?

नमस्कार मंडळी. मी करमाळा तालुक्यातली, गाव सांगत नाही. ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी आमच्याकडे ग्रामसभा होते ती सकाळी दहाला, मारुतीच्या पारावर. त्या वेळी बायका खुरपायला गेलेल्या. 26 जानेवारीच्या सभेला निम्मी वस्ती ऊसतोडीला, कारखान्याच्या फडात.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के किंवा 100 मतदार, यातली कमी असेल ती. तेवढी जमत नाही, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. मग चारपाच जण बसून ठराव करतात. नंतर शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी येतो, "वहिनी, इथं अंगठा द्या." मागच्या खेपेला माझ्या सासूबाईंनी विचारलं, वर काय लिहिलंय? तर म्हणे, "रस्त्याचं हाय." रस्ता कुठला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असं कायद्यात आहे. आमच्याकडे ती कागदावरच होते. ग्रामपंचायतीत सदस्य निम्म्या बायका आहेत, पण बोलतात त्यांचे मालक.

आम्हाला हवंय काय, तर वस्तीवर पाण्याची टाकी. वित्त आयोगाचा बंधित निधी, म्हणजे ठरावीक कामासाठी बांधून दिलेला, तो पाणी-स्वच्छतेसाठीच असतो ना?

कुणी संध्याकाळी वस्तीवर वॉर्डसभा घेऊन दाखवलीय का? मागणी लेखी दिली तर ग्रामसेवकाकडून (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) पोच कशी घ्यायची? आणि इतिवृत्ताची (सभेत काय ठरलं त्या नोंदीची) नक्कल मागायला अर्ज कसा लिहायचा, नमुना असला तर टाका. भांडण नकोय, त्याच गावात राहायचंय.