नववीच्या मुलांना पियानो कॉन्चेर्टो कसा ऐकवावा?

डिचोलीची_बाई
नमस्कार. मी डिचोली तालुक्यात हायस्कूलला शिकवते. पुढच्या महिन्यात नववीच्या मुलांना पणजीला एका पाश्चात्त्य संगीताच्या कार्यक्रमाला न्यायचं ठरलंय. त्यात बेथोव्हनचा चौथा पियानो कॉन्चेर्टो आहे, म्हणजे एकटा पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची तीन भागांची रचना. मुलं सुरांना नवखी नाहीत. बरीचशी देवळात भजनाला बसतात, काही पेटी वाजवतात, एक मुलगी घुमट हे मातीचं तालवाद्य शिकतेय. पण परवा वर्गात मोबाईलवर लावून बघितलं, तर थोड्याच वेळात वहीच्या मागच्या पानावर चित्रं सुरू झाली. "बाई, गाणं कधी सुरू होणार?" असं एकाने अगदी मनापासून विचारलं. शब्द नाहीत, ठेका हाताला लागत नाही, मग त्याने तरी काय धरून बसावं? माझं स्वतःचं शिक्षण हिंदुस्थानी गायनाचं. कुठून सुरुवात करू? आधी बेथोव्हनचं चरित्र सांगू का?

पेटी_ते_पियानो (फोंडा)
ताई, चरित्र आत्ता नको. बहिरेपणाची गोष्ट सांगितली की मुलं त्या माणसासाठी हळहळतात आणि कान बाजूलाच राहतो. सुरुवातीपासूनही लावू नका. थेट दुसरा भाग लावा.

हा भाग जेमतेम पाच मिनिटांचा. वाद्यवृंदातली फक्त तंतुवाद्यं वाजतात, बासरी-क्लॅरिनेट-शिंगं सगळी गप्प. व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत सगळी एकच ओळ वाजवतात, तोडून तोडून, दरडावल्यासारखी. ती थांबली की पियानो एकटा, हळू, गाऊन उत्तर देतो. परत दरडावणी, परत तेच शांत उत्तर. मुलांना एवढंच सांगा: कोण नमतं आणि कधी, ते बघा. वही बंद, पेन खाली. ज्याला वाटेल की आता तंतुवाद्यांचा आवाज खाली आला, त्याने हात वर करायचा.

मी फोंड्याला शिकवणीच्या मुलांकडून हे करून घेतो. हात एकाच वेळी कधीच वर जात नाहीत, आणि खरं शिकणं तिथेच सुरू होतं. मग वाद होतो, "परत लावा" म्हणतात. गेल्या खेपेला तबला शिकणारी एक मुलगी म्हणाली, "सर, पियानो आवाज चढवतच नाही, तरी तेच गप्प होतात." या भागाबद्दल यापेक्षा जास्त मला स्वतःलाही सांगता आलं नसतं. दोघांची बोलणी आखूड होत जातात, तंतुवाद्यं विरत जातात, आणि शेवटाकडे पियानो एकटाच उसळतो, लांबलचक कंपित स्वर (शेजारचे दोन सूर झरझर आलटून-पालटून) धरतो. तेवढी एक जागा सोडली तर बेथोव्हनने हा जवळजवळ सगळा भाग डावं पेडल दाबून वाजवायला सांगितलाय. त्या पेडलने हातोड्या सरकतात आणि कमी तारांवर पडतात. जवळपास कुणाकडे ग्रँड पियानो असेल तर मुलांना झाकण उघडून हे दाखवाच. हातोड्या सरकताना पाहिल्यावर त्यांचं ऐकणं बदलतं.

आणि मोबाईलवर लावू नका हो! त्यात डबल बास ऐकूच येत नाही, मग दरडावणार कोण? शाळेतला स्पीकर घ्या.

मडगावकर
मी असतो तर मोत्सार्टचा डी मायनर कॉन्चेर्टो लावला असता, १७८५ चा. दोनेक मिनिटं वाद्यवृंद घोंघावत राहतो, पियानो नुसता बसून. मग पियानो एकटाच येतो, आणि वाद्यवृंदाने तोवर न वाजवलेली स्वतःचीच धून घेऊन येतो. मुलांना ही वाट बघणं आवडतं.

पेटी_ते_पियानो (फोंडा)
मडगावकर, जागा सुंदरच आहे. पण ताईंच्या मुलांना महिन्याभरात बेथोव्हन समोर बसून ऐकायचाय, तेव्हा तोच कानात मुरू दे. मोत्सार्ट नंतर घ्यावा.

डिचोलीची_बाई
सर, दुसरा भाग आज स्पीकरवर लावला. हात खरंच वेगवेगळ्या वेळी वर गेले, मागच्या बाकावर तर भांडण लागलं! आता पहिला भाग कसा घेऊ? तो फारच मोठा आहे. आणि टाळ्या कधी वाजवायच्या, हेही मुलं विचारतायत.

पेटी_ते_पियानो (फोंडा)
वा! पहिल्या भागाचं फक्त पहिलं मिनिट घ्या. इथे पियानोच आधी बोलतो, तोही हळू. त्या काळी वाद्यवृंदाने सुरुवात करायची रीत होती. धुनेत तीन आखूड आणि एक लांब असा ठोका आहे, तो बाकावर बोटांनी वाजवून घ्या आणि मग बेथोव्हनच्याच पाचव्या सिम्फनीची (नुसत्या वाद्यवृंदाच्या रचनेची) सुरुवात ऐकवा. मुलं लगेच ओळखतात. दोन्ही रचना व्हिएन्नात २२ डिसेंबर १८०८ ला एकाच कार्यक्रमात वाजल्या, पियानोवर स्वतः बेथोव्हन, आणि कार्यक्रम चालला सुमारे चार तास. चरित्रातलं एवढं सांगायला आता हरकत नाही.

तुमच्या स्वतःच्या कानासाठी एक. पियानो पाच बार, म्हणजे मात्रांचे पाच छोटे गट, वाजवून थांबतो, तेव्हा वाद्यवृंद त्याच सुरात उत्तर देत नाही. पियानोच्या शुद्ध गंधाराला सा धरून तो सुरू होतो आणि मग हळूच मूळ सा वर परततो. पेटीवर दोन्ही सा धरून दाखवा, पेटीवाली मुलं चमकतील.

पहिल्या भागाच्या शेवटाकडे सगळे थांबतात आणि पियानो एकटा सुटतो, तो कॅडेन्झा. मुलांना म्हणा, तबल्याच्या सोलोत समेची वाट बघता तशी वाट बघा. लांब कंपित स्वर आला की वाद्यवृंद परत येणार.

टाळ्या तिसरा भाग संपल्यावरच. दुसरा आणि तिसरा मध्ये न थांबता जोडलेले आहेत, तिथे फसायला होतं. तिसऱ्यात तुताऱ्या आणि नगारे पहिल्यांदाच वाजतात, दोन भाग ते वादक नुसते बसून असतात. कुठल्यातरी दोघा मुलांना त्या नगारेवाल्यावर लक्ष ठेवायला सांगा.

आणि जागा घेताना प्रेक्षागृहात डाव्या बाजूला घ्या. वादकाचे हात तिथूनच दिसतात.

डिचोलीची_बाई
डावीकडच्याच मागते. नगारेवाल्यावर लक्ष ठेवायला घुमटवाली आत्ताच तयार झालीय.