टीपीएनवरच्या (शिरेतून पोषण घेणाऱ्या) बाळाचं टीएमएस (जन्मजात चयापचय आजारांसाठीची रक्तचाचणी) पुन्हा कधी पाठवता?

नमस्कार मंडळी, एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) काम करणाऱ्यांची मदत हवी आहे.

आमच्याकडे गर्भाच्या 28 व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आहे. शिरेतून अमिनो आम्लं आणि लिपिड (मेद) चालू आहे, आईचं दूध नळीने अगदी थोडं. टीएमएससाठी टाचेतलं रक्त फिल्टर पेपरवर पाठवलं, तर मेथिओनिन, ल्युसिन, फेनिलॲलनिन ही अमिनो आम्लं सगळीच वाढलेली, कार्निटाइन (मेदापासून ऊर्जा बनवायला लागणारा घटक) कमी. अमोनिया आणि लॅक्टेट व्यवस्थित आहेत. इतकी अमिनो आम्लं एकदम वाढली की मला आधी टीपीएनचाच संशय येतो, जन्मजात आजारात बहुधा ठरावीकच वाढतात. पण आईवडिलांना हे छातीठोक कसं सांगू? बिचारे रोज दाराबाहेर बसून असतात.

दुसरा नमुना तुम्ही कधी घेता? अमिनो आम्लं काही तास थांबवून, की पूर्ण दूध सुरू झाल्यावर? थांबवलं तर ग्लुकोज वेगळं चालू ठेवता ना?

शिवाय ट्रायग्लिसराइड (रक्तातला मेद) 290 मिग्रॅ/डेसिलिटर आलंय. 265 च्या वर गेलं तर लिपिड कमी करण्याचा विचार करा, असं युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. पूर्ण बंद करायला मात्र मन धजत नाही, वाढत्या मेंदूला ती मेदाम्लं हवीतच. डोस किती उतरवता आणि फेरतपासणी कधी करता? प्रत्यक्ष अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.