मुठीवरचा घाम: खेळाच्या साहित्याची ग्रिप तुम्ही कशी स्वच्छ ठेवता? (अनुभव धागा)

खंडेनवमी आली की आमच्या घरी माळ्यावरच्या रॅकेटा खाली उतरतात. वडिलांची जुनी लाकडी, माझ्या दोन, आणि शिकायला येणाऱ्या मुलांनी आणून ठेवलेल्या सात-आठ. पाटावर मांडायच्या, हळदकुंकू, झेंडूचं फूल. आदल्या संध्याकाळी मी त्या पुसायला बसते आणि दरवर्षी तेच दिसतं: फ्रेम लखलखीत, तारा नव्या, आणि मूठ काळी, चिकट, आंबूस वासाची. हात सगळ्यात जास्त जिथं लागतो तीच जागा पुसायची राहून जाते.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत लहान मुलांना बॅडमिंटन शिकवते. मागच्या पावसाळ्यात एका मुलीच्या तळहाताची साल निघायला लागली. खेळ जास्त होतोय, असं तिच्या आईला वाटलं. मी तिची ग्रिप सोडून बघितली. एकावर एक तीन पदर गुंडाळलेले, सगळ्यात आतल्यावर पांढरी बुरशी, आणि खालचं लाकूड ओलं. त्वचेच्या डॉक्टरांकडे तिला नेलंच. पण रोज तिच्या हातात रॅकेट देणारी मी, मला ते आधी दिसायला हवं होतं. त्या दिवसापासून दर शनिवारी सगळ्यांच्या ग्रिप मी स्वतः हात फिरवून तपासते.

एक गोष्ट शिकले ती आधी सांगते. नुसत्या घामाला फारसा वास नसतो, त्यावर जिवाणू वाढले की वास सुटतो. आणि तळहाताला तेलाच्या ग्रंथीच नसतात. मुठीवर जो तेलकट थर बसतो तो आपण कपाळ पुसतो, केस मागं सारतो, त्याच हातानं परत रॅकेट धरतो म्हणून. त्या थरात मीठ आणि धूळ अडकते आणि काळा राप तयार होतो. म्हणून मुलांना कपाळ पुसायला वेगळा नॅपकिन सक्तीचा केलाय. अर्धी सफाई तिथंच होते.

बॅडमिंटनच्या पातळ ओव्हरग्रिप (मुठीच्या ग्रिपवर वरून गुंडाळायची पट्टी) मी धूत नाही. खेळ झाला की ओल्या फडक्यानं हलकं पुसून रॅकेट टांगायची, चिकटपणा गेला की ग्रिप बदलायची. नवी लावताना जुनी पूर्ण सोडायची, वरून गुंडाळायची नाही. टॉवेल ग्रिपचे दबलेले धागे कोरड्या टूथब्रशनं उभे करते.

आता तुम्ही लिहा. कुठलं साहित्य, मूठ कशाची, काय वापरलं. आणि काय बिघडलं तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

तपोवन मैदान, टेनिस बॉल क्रिकेट

माझं बिघडलेलंच सांगतो. रंगपंचमीला बॅट हातात घेऊनच रंग खेळलो होतो. ग्रिपच्या खाचांत जांभळा रंग असा बसला की साबणानं हलेना. शेजारच्या गॅरेजमधनं रॉकेलचा बोळा आणला आणि चोळलं. रंग निघाला, पण दोन दिवसांत रबर फुगलं, ढिलं झालं आणि हँडलवर गरागरा फिरायला लागलं. त्याच रविवारी पूल मारताना बॅट हातात वळली, चेंडू सरळ मिडविकेटच्या हातात. आम्ही चार धावांनी हरलो. रबराला रॉकेल, पेट्रोल, थिनर यातलं काहीच चालत नाही, हे मला त्या मॅचनं शिकवलं.

आता वर्षातून दोनदा ग्रिप गुंडाळत गुंडाळत काढतो. आजीनं रिठा सुचवला. चार-पाच रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कोमट पाण्यात कुस्करायचे, त्या फेसात ग्रिप पंधरा मिनिटं ठेवायची आणि टूथब्रशनं खाचा घासायच्या. पाणी पार मातकट होतं. मग साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळत घालतो. दोरीवर उन्हात टाकत नाही, उन्हानं रबर कडक होतं आणि भेगा पडतात.

हँडलला मात्र पाणी लावायचं नाही. ते वेताचं असतं, पट्ट्या चिकटवून वर दोरा आवळलेला. दोऱ्यात पाणी शिरलं की चिकटवलेलं सुटतं. ग्रिप परत चढवताना आतून टाल्कम पावडर मारायची आणि कोनवरून (ग्रिप चढवायचं निमुळतं साधन) सरकवायची. कोन नसेल तर खेळाच्या दुकानात घेऊन जा, ओल्या साबणाच्या हातानं ओढत बसू नका. आत साबण राहिला की ती फिरतेच.

नागाळा पार्क, एक आई

मुलाच्या ओव्हरग्रिप मी वॉशिंग मशीनमध्ये टाकल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र निघाल्या आणि कागदासारख्या गुळगुळीत झाल्या. त्यानं लावली, पहिल्याच स्मॅशला रॅकेट सुटली. समोर कुणी नव्हतं म्हणून बरं झालं. तुम्ही धूत नाही म्हणालात, ते का, हे त्या दिवशी कळलं.

माझा दुसरा अनुभव बॅगेचा. जुलैत आमच्याकडे कपडेच चार दिवस वाळत नाहीत. त्यात तो घामेजलेली रॅकेट, ओला टी-शर्ट आणि बूट एकाच चेनमध्ये बंद करून ठेवायचा. आता दाराजवळ खिळा मारलाय. घरात आल्याबरोबर आधी रॅकेट खिळ्याला, मग पाणी, मग पोहे. वास गेला.

पापाची तिकटीजवळ, टेनिस

माझ्या रॅकेटला चामड्याची ग्रिप आहे. आजकाल कुणी वापरत नाही, पण मला तीच आवडते, रॅकेटच्या दांड्याच्या कडा हाताला कळतात. पावसाळ्यात तिच्यावर हिरवट बुरशी आली. मी डेटॉलच्या पाण्यानं घासली, वर खोबरेल लावलं. बुरशी गेली, पण चामडं असं बुळबुळीत झालं की मूठ आवळून आवळून कोपर दुखायला लागलं.

घरामागंच चपलांची दुकानं. चप्पल शिवणाऱ्या एका काकांना ग्रिप दाखवली. त्यांनी नाकाशी धरली, नखानं दाबून बघितली आणि म्हणाले, "पोरी, तेल पायात घालायच्या चामड्याला. हातात धरायच्या चामड्याला तेल कशाला?" त्यांनी सांगितलं ते असं. बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं झाडायची, म्हणजे ती घरभर उडत नाही. मग फडकं भिजवून घट्ट पिळायचं आणि चामडं नुसतं पुसायचं, भिजवायचं नाही. वाळवायचं पंख्याखाली. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलं तर चामडं आखडतं आणि कडा उचलतात. साबण वारंवार लावला तर चामड्यातलं स्वतःचं तेल निघून जातं, ते तडकतं.

माझी ग्रिप सुधारायला दीड महिना लागला. काकांनी पैसे घेतले नाहीत. दिवाळीला फराळाचा डबा देऊन आले.

शिवाजी पेठ, मर्दानी खेळ

आमच्या आखाड्यात लाठी, तलवार, पट्टा (लांब पात्याची तलवारच), विटा (दोरी बांधलेला भाला) सगळं चालतं. बाकीच्यांचं ठीक हाय, पण पट्ट्याची मूठ लई वंगाळ होती. पट्ट्याला कोपरापत्तुर खोबळा असतोय आणि मूठ त्याच्या आत. हात घालून आडवी मूठ धरायची. वारा लागत न्हाई, आतल्या कापडाच्या गादीत सगळा घाम मुरतोय. वरनं पातं चमकतंय आणि आत गंज धरतोय.

वस्तादांची शिस्त अशी, की खेळ झाला की पट्टा उलटा टांगायचा, खोबळ्याचं तोंड खाली. आठवड्याला गादी सोडवून धुवायची, खडखडीत वाळल्याबिगर परत बसवायची न्हाई. लोखंडाला आतनं तेलाचं बोट फिरवायचं, पण मुठीला तेल न्हाई म्हणजे न्हाई. मुठीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरनं काढून कोरडं फडकं मारायचं. पट्टा फिरत असताना हात सुटला तर काय हुईल ते सांगायला नको.

लाठीला जवसाचं तेल पाजतो, दसऱ्याच्या आधी एकदा. तेल दोन-चार दिवस मुरू द्यायचं आणि मग कोरड्या गोणपाटानं रगडायचं, हाताला तेल लागायचं बंद होईपत्तुर. त्या आधी लाठी पोरांच्या हातात द्यायची न्हाई.

उद्यमनगर, लेथवर काम आणि संध्याकाळी जिम

जिमच्या रॉडवर धरायच्या जागी जी बारीक खवल्यासारखी नक्षी असते, तिला आमच्या कामात नर्लिंग म्हणतात. रोज लेथवर मी तेच पाडतो, म्हणून दुसऱ्याच्या रॉडवर ते भरून गेलेलं दिसलं की जीव कळवळतो. हातावरची मेलेली कातडी, घाम आणि खडूची पूड (ती मॅग्नेशियम कार्बोनेट असते, शाळेचा खडू नव्हे) मिळून त्या खाचांत सिमेंटसारखं बसतं. लोक म्हणतात रॉड घसरतोय, आणखी खडू लावतात, आणखी भरतं.

आमच्या जिमवाल्यानं वर्कशॉपमधला तारेचा ब्रश घेऊन तीन रॉड घासले. लखलख झाले. महिन्याभरात तिन्ही तांबूस, कारण वरचं क्रोम खरवडून गेलं होतं. क्रोमच्या रॉडला नायलॉनचाच ब्रश वापरा, कोरडा, नक्षीच्या तिरप्या दिशेनं, दोन्हीकडून. ज्या रॉडला क्रोम नाही, नुसतं लोखंड आहे, त्याला ब्रशनंतर मशीन ऑइलचा एक थेंब फडक्यावर घेऊन पुसायचं आणि दुसऱ्या कोरड्या फडक्यानं ते तेल काढून टाकायचं. हाताला ओलसर लागलं तर तेल जास्त झालंय. पावसाळ्यात हे दर आठवड्याला, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पुरतं.

टेबल टेनिस, कसबा बावडा

लाकडी मूठ, वर काही नाही. पाणी लावत नाही. काळी पडली की अगदी बारीक पॉलिश पेपरचा एक हात, एवढंच.

दुधाळी, पिस्तूल नेमबाजी

नेमबाजीत मूठ हातासाठी घडवलेली असते. माझी अक्रोडाच्या लाकडाची आहे, माझ्या तळव्याच्या उंचसखलपणाप्रमाणे कानस मारून, कुठं पुट्टी भरून केलेली. ती दुसऱ्या कुणाला बसणार नाही. एका जागी मिठाचा थर बसला किंवा लाकूड फुगलं तरी मनगट किंचित वेगळ्या कोनात बसतं, आणि मग आपण चूक दुसरीकडेच शोधत राहतो. मी तीन आठवडे ट्रिगरला दोष देत होते.

माझी पद्धत. सराव संपला की कोरडं सुती फडकं, मग मऊ ब्रश, कारण मुठीवर मुद्दाम खरखरीत दाणे पाडलेले असतात आणि फडकं आत पोचत नाही. पिस्तुलाला तेल द्यायच्या आधी मूठ स्क्रू काढून वेगळी ठेवायची. बंदुकीचं तेल लाकडात एकदा झिरपलं की परत बाहेर निघत नाही. पॉलिश, मेण काही लावायचं नाही. भिजवायचं तर मुळीच नाही.

आपल्या गावात या खेळाला मान आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्ण जिंकलं, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं कांस्य. रेंजवर नवीन मुलं येतात ती हीच नावं घेऊन. त्यांना पहिल्या दिवशी आम्ही नेम धरायला देत नाही, मूठ पुसायला शिकवतो.

धागाकर्ती

तालमीतल्या कुणी लिहिलं तर फार बरं होईल. करेल आणि मुद्गल, म्हणजे व्यायामाला घुमवायच्या जड लाकडी गदा, त्यांच्या मुठींचं मला काहीच माहीत नाही.

गंगावेस, वय ७१

लिहितो. नातू टाइप करतोय. आमच्या वेळी मालिश झाल्यावर अंगाला तेल असायचं, त्याच हातानं करेल धरलं तर ते निसटून कुणाच्या तरी पायावर पडणार. म्हणून वस्ताद आधी कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती तळहाताला चोळायला लावायचे. त्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल सगळं मुरवलेलं असतं, तरी कोरड्या वरच्या थराची चिमूट हातातलं तेल ओढून घेते. घुमवून झाल्यावर गोणपाटाच्या तुकड्यानं मुठी रगडायच्या, नव्या पोरांचं ते कामच. पाण्यानं धुतलेली मुद्गलाची मूठ मी एकदाच बघितली. सुकताना उभी चीर गेली, आणि ती मुद्गल परत कुणी फिरवली नाही.

शाहूपुरी, क्रिकेट आणि हॉकी

२०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही नातेवाइकांकडे होतो आणि माझं किट तळमजल्यावर, पलंगाखाली. परतलो तेव्हा बॅग चिखलानं भरलेली. दोन बॅटी, बहिणीची हॉकी स्टिक, ग्लोव्हज. आई म्हणाली टाकून दे. मला टाकवेना.

पाणी कुठकुठलं आलेलं असतं, म्हणून रबरी हातमोजे घातले. चिखल ओला असतानाच काढला, वाळला की तो खाचांतून निघत नाही. बॅटींच्या ग्रिप काढल्या, तीन वेळा साबणाच्या पाण्यात धुतल्या. एक ग्रिप चांगली निघाली, दुसरी आतून कुजल्यासारखी चिकट झालेली, ती टाकली. हँडलचा दोरा सुटला होता. कापून काढला, वेत पंख्यासमोर महिनाभर ठेवला, मग दुकानातून नवा दोरा गुंडाळून घेतला. एका बॅटचं हँडल तरीही पात्याच्या जोडापाशी हलायला लागलं, ती गेली. हॉकी स्टिक फायबरची, तिला काही झालं नाही. तिच्या मुठीवरची मऊ ग्रिप मात्र सोडून फेकली, कारण स्पंजमध्ये शिरलेलं पाणी कशानंच निघत नव्हतं. ग्लोव्हजचे तळवे चामड्याचे, ते लाकडासारखे कडक झाले. तेही गेले.

वाचलेली बॅट अजून वापरतो. तेव्हापासून जून लागला की किट वरच्या मजल्यावर जातं, चेन उघडी, बॅटी मुठी वर करून भिंतीला टेकवलेल्या, आणि पाऊस वाढला की दर दोन दिवसांनी त्यांच्यावरून हात फिरवतो.