बाबांचा जुना कॅमेरा, त्यांचे गुडघे आणि ग्रँड कॅनियन: नऊ दिवसांत कसं बसवू?

मिरजेची_माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. गणपती आटोपले की आई-बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला येतायत. ऑक्टोबरच्या मध्यावर नऊ दिवस रजा टाकली आहे, लास व्हेगासची जाऊन-येऊन तिकिटंही काढली. आम्ही पाच जण: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, आई (६६, बीपीची गोळी चालू) आणि बाबा (७१, दोन्ही गुडघे कुरकुरतात, एकाचं ऑपरेशन 'पुढच्या वर्षी बघू' असं गेली चार वर्षं चाललंय).

बाबांचा मिरजेत फोटो स्टुडिओ होता, चौतीस वर्षं. पासपोर्ट साइज, लग्नं, बारशी, दहावीच्या वर्गाचे फोटो. स्टुडिओत मागे एक रंगवलेला पडदा होता: डोंगर, तळं, तळ्यात दोन हंस. आमच्या गल्लीतल्या निम्म्या जोडप्यांचे 'काश्मीरचे' फोटो त्या पडद्यासमोर निघालेत. बाबा स्वतः मात्र फोटो काढायला म्हणून महाबळेश्वरच्या पुढे गेले नाहीत. सीझनला दुकान बंद ठेवणार कोण? आता फोनवर एवढंच म्हणाले, "ते लाल दगडांचं बघायचंय." निकॉन एफएम२ हा फिल्मचा कॅमेरा आणि पन्नास मिमीची लेन्स घेऊन येणार आहेत, रोलसकट. माझ्याकडे डिजिटल कॅमेरा आहे, त्याला ते 'तुमचं मशीन' म्हणतात.

माझा कच्चा बेत असा: व्हेगास, डेथ व्हॅली, झायन, ब्राइस, आर्चेस, कॅनियनलँड्स, मॉन्युमेंट व्हॅली, अँटिलोप कॅनियन, ग्रँड कॅनियन, परत व्हेगास. नवरा म्हणतो फार होतंय. खरंच होतंय का? आणि अँटिलोपच्या अरुंद घळीचा अप्पर भाग घ्यावा की लोअर? तो वरून पडणारा उजेडाचा झोत दिसेल ना?

उंटावरचा_शहाणा

ताई, नवऱ्याचं ऐका. (हे वाक्य मी इथे पहिल्यांदाच लिहितोय.)

मी फिनिक्सला एकोणीस वर्षं आहे. घरी पाहुणे आले की पुण्यात सारसबाग दाखवतात तसं आम्ही ग्रँड कॅनियन दाखवतो. किती खेपा झाल्या याचा हिशेब बायकोकडे आहे आणि ती तो अधूनमधून ऐकवते.

तुमच्या बेतात गाडी हाकायला वेळ आहे, फोटो काढायला नाही. आर्चेस-कॅनियनलँड्स एका टोकाला, डेथ व्हॅली दुसऱ्या टोकाला. दोन्ही टोकं छाटा. आर्चेसमधल्या डेलिकेट आर्चला जाऊन-येऊन तीन मैल, पाचेकशे फूट चढ, तोही उघड्याबोडक्या खडकावरून. बाबांना 'तुम्ही खाली गाडीत थांबा' म्हणालात तर ते मुकाट्याने थांबतील. माझे वडील असेच थांबले होते. त्या दिवसाचे माझ्याकडे सुंदर फोटो आहेत, पण मी ते फारसे उघडत नाही.

माझ्या मते झायनला दोन रात्री, ब्राइसला एक, पेज या अँटिलोपजवळच्या गावी दोन, ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमला (दक्षिण कड्यावर) दोन आणि शेवटची व्हेगासला. व्हेगास ते झायन पावणेतीन तास, झायन ते ब्राइस दोन, ब्राइस ते पेज आणि पेज ते ग्रँड कॅनियन प्रत्येकी अडीच-तीन. परतीचा दिवस तेवढा साडेचार तासांचा. सकाळी उजाडताना बाहेर, दुपारी खोलीवर जेवून झोप, चारनंतर पुन्हा बाहेर. भर दुपारी तिथला दगड भाजलेल्या विटेसारखा दिसतो, फोटोत काही येत नाही.

याला अपवाद अँटिलोप. तिथे दुपारच हवी. तुम्ही अप्परच घ्या. लोअरमध्ये उभे लोखंडी जिने आणि अंग चोरून जायच्या अरुंद जागा आहेत. अप्परला आत सपाट वाळू आहे, मात्र बाहेर पडल्यावर परतीच्या वाटेवर जिने आणि चढउतार आहेत, तेव्हा बुकिंग करतानाच गुडघ्यांबद्दल बोलून घ्या. ही नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीची जमीन आहे. त्यांच्या गाइडशिवाय आत जाता येत नाही. ट्रायपॉड नाही, पाठीवर बॅग नाही.

झोत मात्र विसरा. मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सूर्य डोक्यावर असतो तेव्हा तो दिसतो. तुम्ही जाल तेव्हा सूर्य कलता असेल. पण माझ्या मते झोताविनाच तो कॅनियन जास्त चांगला दिसतो. उजेड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत खाली येतो: वर पिवळा, मधे केशरी, तळाशी पार जांभळा. बाबांना सांगा की अख्खा कॅनियन म्हणजे एक मोठा रिफ्लेक्टर आहे. पुढचं ते बघून घेतील.

आकाश भरून आलं आणि टूर रद्द झाली तर वाद घालू नका. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोपमध्ये अकरा पर्यटक लोंढ्यात वाहून गेले. पाऊस पडला होता मैलोन्‌मैल दूर. आपली सांदण दरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

आता घड्याळाची गंमत. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं, आणि ॲरिझोनातच असलेला नवाहोंचा मुलूखही करतो. अँटिलोपच्या टूर पेजच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेवर चालतात. फोन बिचारा ज्या टॉवरला लागेल तिथली वेळ दाखवतो. एकदा आम्ही सासूबाईंना घाईघाईने अंघोळ उरकायला लावून धावतपळत पोचलो, तर तासभर आधी. तो तास फार लांब होता. हाताला साधं घड्याळ बांधा.

ग्रँड कॅनियनला शिरताना गेटवरच गुडघ्यांचं सांगून सीनिक ड्राइव्हचं ॲक्सेसिबिलिटी परमिट मागा. हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर फक्त शटल असते, हे परमिट असलं की स्वतःची गाडी नेता येते. होपी पॉइंटला सूर्यास्त बघा आणि सूर्य बुडाला की लगेच उठू नका. गर्दी टाळ्या वाजवून निघून जाते, खरा रंग त्यानंतरच्या वीस मिनिटांत असतो. पोराचा हात धरून ठेवा. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, खाली मैलभर खोल दरी आहे.

आणि आईंसाठी: डेझर्ट व्ह्यूच्या रस्त्याने जाताना विष्णू टेंपल नावाचं शिखर दिसतं. शिवा टेंपल आणि ब्रह्मा टेंपलही आहे. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला १८८०च्या सुमाराला या सुळक्यांत पूर्वेकडची देवळं दिसली, तेव्हापासून अशी नावं देण्याची रीत पडली. तळाशी जो काळा खडक आहे तो विष्णू शिस्ट, सुमारे १७० कोटी वर्षांचा. आपला सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढे कालचं पोर. सासूबाईंनी तिथे चपला काढून नमस्कार केला होता. शेजारच्या जपानी बाईंनी बघून बूट काढले.

एफ_आठ

उंटराव, बाकी सगळं मान्य, पण झायनला दोन रात्री कशाला? झायनची मजा चढण्यात आहे आणि एंजल्स लँडिंगच्या चढाईला २०२२पासून परमिट लागतं, ते या मंडळींना नकोच आहे. दरीच्या तळाशी शटलमधून मान वर करून बघत बसायचं का? मी झायनची एक रात्र कापून ब्राइसला देईन. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही कडेकडेची वाट फरसबंद आणि जवळजवळ सपाट, अर्धा मैल. उजाडताना सूर्य सुळक्यांच्या मागून येतो आणि दगड आतून दिवा लावल्यासारखे पेटतात. सनसेट पॉइंटवर सूर्यास्ताला जाऊ नका, नावावर भुलू नका. तोवर समोरची दरी सावलीत गेलेली असते.

आता फिल्मबद्दल. विमानतळावर रोल स्कॅनरमध्ये घालू देऊ नका. हल्लीची सीटी मशीन फिल्म खराब करतात. पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासायला सांगा. अमेरिकेत सहसा ऐकतात, मुंबईला थोडी विनवणी करावी लागेल. चेक-इनच्या बॅगेत तर मुळीच नको.

अँटिलोपमध्ये १०० किंवा २०० ची फिल्म ट्रायपॉडविना चालणार नाही. कमी उजेडात चालणारा ८०० चा एक रोल वेगळा ठेवा. तुमच्या मशीनला (!) व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. ते बिचारं केशरी रंगाला आजार समजून बरं करायला जातं. डेलाइट किंवा क्लाउडी ठेवा. फ्रेममध्ये आकाशाची फट घेऊ नका, पांढरी फटक पडते. आत लेन्स बदलू नका, वाळू कायम उडत असते.

लोक ग्रँड कॅनियनला वाइड लेन्स घेऊन जातात आणि घरी आल्यावर म्हणतात, फोटोत खोली नाही. तिथे लांबची लेन्स हवी, सत्तर-दोनशे. एकामागे एक धूसर होत जाणारे कडे वेचून घ्यायचे. वाइड लागते ती हॉर्सशू बेंडला. तिथे पन्नासमध्ये नदीचं अख्खं वळण मावणार नाही, बाबांना आधीच सांगून ठेवा. पार्किंगपासून जाऊन-येऊन दीड मैल आहे, वाट चांगली बांधलेली आहे, पण सावली फारशी नाही.

खमंग_काकू

सगळे उजेडाबद्दल बोलताय, पोटाचं कोणी बोलत नाही.

ब्राइस आठ हजार फुटांच्या वर आहे, महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट. साउथ रिम सात हजार. आईंना पहिल्या दिवशी दम लागला तर घाबरू नका, पण जिने चढायला लावू नका आणि पाणी पाजत राहा. बीपीच्या गोळीचं डॉक्टरांशी बोलून निघा. ऑक्टोबरमध्ये ब्राइसला पहाटे पाणी गोठतं. कानटोपी आणि हातमोजे हवेत, नुसती शाल पुरत नाही.

छोटा इलेक्ट्रिक कुकर न्या. मेतकूट-भात, तूप, लोणचं, पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या. फक्त खोलीत फोडणी करू नका! आम्ही पिठल्याला मोहरी टाकली आणि मोटेलभर अलार्म वाजला. रात्री साडेनऊला सगळे पार्किंगमध्ये, हे बनियनवर. पिठलं गार झालं ते वेगळंच.

मिरजेची_माहेरवाशीण

किती छान माहिती दिलीत! काकू, कुकर यादीत घातला. दोन शंका. मॉन्युमेंट व्हॅली पेजहून एका दिवसात होईल का? आणि प्रवेश फीचं काय? मी पास घेऊन ठेवणार होते.

उंटावरचा_शहाणा

पेजहून दोन तास जायला, दोन यायला. आतली सतरा मैलांची मातीची वाट हाडं खिळखिळी करते, पण व्हिजिटर सेंटरच्या समोरच ते तीन प्रसिद्ध सुळके उभे आहेत आणि संध्याकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं. तरी मी म्हणेन, तो दिवस रिकामा ठेवा. बाबा सकाळी ताजेतवाने उठले तर जा.

फी: १ जानेवारी २०२६पासून नियम बदललेत. अमेरिकेत राहणाऱ्यांना वार्षिक पास ८० डॉलर, बाहेरच्यांना २५०. पास नसेल तर ग्रँड कॅनियन, झायन, ब्राइस धरून अकरा उद्यानांत बाहेरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला नेहमीच्या फीवर १०० डॉलर जादा. गाडीत तुम्ही इथले आणि आई-बाबा तिकडचे, तेव्हा अशा मिश्र गाडीचा नियम उद्यानांच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचूनच पास घ्या आणि ओळखपत्र जवळ ठेवा. अँटिलोप, मॉन्युमेंट व्हॅली आणि हॉर्सशू बेंडच्या पार्किंगला हा पास चालत नाही, तिथले पैसे वेगळे.

एफ_आठ, झायनचं अर्धं मान्य. पण पारूस ट्रेल फरसबंद आहे, नदीकाठाने जाते, व्हीलचेअरही चालते. आजोबा-नातू तिथे रमतील. माझ्या दोन रात्री कायम.

मिरजेची_माहेरवाशीण

मंडळी, परत आलो! थोडक्यात लिहिते, कपडे अजून मशीनमध्ये आहेत.

शेवटी झायन एक रात्र, ब्राइस दोन. (सॉरी उंटराव.) मॉन्युमेंट व्हॅली राहिली. त्या सकाळी बाबा मोटेलच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि समोरच्या पत्र्याच्या शेडवर ऊन कसं सरकतंय ते बघत राहिले. म्हणाले, "इथेच बरंय."

हॉर्सशू बेंडला त्यांनी नदीचा एकही फोटो काढला नाही. "मावत नाही म्हणालात ना," म्हणून पाठ फिरवली आणि सेल्फी काढणाऱ्या लोकांचे काढले. अप्पर अँटिलोपमध्ये आईला एका भिंतीशी उभं करून दोन पावलं मागे, एक पाऊल डावीकडे, हनुवटी खाली, असं सगळं झालं. गाइड घाई करत होता, मग त्याला कळलं की हा माणूस कामावर आहे, आणि तो थांबला. परतीच्या जिन्यांवर नवऱ्याने आणि गाइडने दोन्ही बाजूंनी धरलं. आईने विष्णूला नमस्कार केला, चपला मात्र नाही काढल्या, थंडी होती.

होपी पॉइंटला तुम्ही सांगितलंत तसं थांबलो. एका जोडप्याने बाबांच्या गळ्यातला कॅमेरा बघून स्वतःचा फोन त्यांच्या हातात दिला. बाबांनी आधी त्यांना दरीकडे पाठ करून उभं केलं होतं, ते बदलून तिरकं उभं केलं, मुलीचे केस कानामागे घ्यायला खुणेने सांगितलं, आणि काढला. ते बघून दुसरं कुटुंब आलं, मग तिसरं. चौथ्याने फोन पुढे केला तेव्हा बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना विचार, कॉपी किती हव्यात?"

तीन रोल आणि ८०० चा एक, सगळे धुवायचे आहेत. एफ_आठ, इकडे पूर्वेला चांगली लॅब कुठली?