बँका डिजिटल होतात ते नक्की कुणाच्या धाकाने?

डिचोलीकर:
मंडळी, मी एका छोट्या सहकारी बँकेत कारकून आहे, नाव नको. परवा साहेबांनी मीटिंग लावली, अ‍ॅप पाहिजे म्हणे, का तर बाजूच्या बँकेकडे आहे! आपल्यासारख्या देशांत बँका हे स्वतःहून करतात, सरकारच्या दट्ट्याने की गिऱ्हाइकं पळतील म्हणून? आमच्याकडे व्हाउचर अजून तीन टेबलं फिरतं.

पदेराचा शेजारी:
पळतील म्हणूनच. आमच्या पदेराने, म्हणजे पाववाल्याने, सायकलच्या पाटीलाच क्यूआर चिकटवलाय, सुट्टे नसले तर पूर्वी हिशेब उद्यावर जायचा, आता चार पावांनाही फोन. पण २०१६ च्या एप्रिलात यूपीआय, सप्टेंबरात जिओ, नोव्हेंबरात नोटबंदी, एका वर्षात एवढं अंगावर आल्यावर कोण बदलणार नाही?

मडगाव लोकल:
सगळीकडे तसं नाही हां. केनियात २००७ ला एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय, आणलं ते सफारीकॉमने, म्हणजे मोबाईल कंपनीने. नैरोबीत कमावणारा गावी पैसे पाठवायचा तर बसवाल्याच्या हाती द्यायचा, सफारीकॉमने कोपऱ्यावरच्या दुकानदारालाच एजंट केला, बँका मागून धावत आल्या. ब्राझीलमध्ये उलटं, पिक्स, म्हणजे त्यांचं यूपीआयसारखं, केंद्रीय बँकेनेच बांधलं आणि २०२० मध्ये पाच लाखांवर खाती असलेल्या बँका-वित्तसंस्थांना सक्तीच केली. तिथे कसली आलीय हौस.

हिशेबनीस:
पैशाचं कुणी बोलतच नाही. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, घेता येत नाही, मग बँकेला मिळतं काय? खात्यात पडून राहणारी शिल्लक, आणि त्याहून मोठं म्हणजे रोजची जमा दिसते. पदेराकडे कुठलं पगारपत्रक, पण ही जमा बघून त्याला कर्ज देता येतं. खरी ओढ तिथे आहे, अ‍ॅप दिसायला.
डिचोलीकर, छोट्या बँकेला यूपीआयवर यायला बहुतेक वेळा दुसऱ्या बँकेचा हात धरावा लागतो, तर स्पॉन्सर कोण आणि सर्व्हर पडला तर फोन कोण उचलणार ते आधी विचारा. मी गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात केळी घेतली, माझ्या बँकेचं चक्र फिरतच राहिलं, शेवटी बाईच म्हणाली, फुडल्या सुक्रारा दी.

डिचोलीकर:
विचारलं. साहेब म्हणाले ते आयटीवाला बघेल. आयटीवाला म्हणजे मीच.