लिनक्सवरील गेम: वेगळी आवृत्ती नसली तरी चालेल, पण दार बंद करू नका

सिडकोवासी (धागाकर्ता)

नाशिकमधल्या आमच्या सिडकोतल्या घरी 2017 साली सुटे भाग आणून जुळवलेला संगणक आहे. सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमुळे तो विंडोज 11 च्या अधिकृत यादीत बसत नाही, आणि विंडोज 10 चा नियमित आधार तर 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. धडधाकट यंत्र भंगारात काढायला मन धजेना, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला हाताशी घेऊन त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणक प्रणाली चढवली. भाच्याची अट एकच होती, ती म्हणजे त्याचे गेम चालले पाहिजेत.

पहिली अडचण आमच्या जुन्या सवयीमुळे आली. सगळे गेम विंडोजच्या काळातल्या डी ड्राइव्हवर, म्हणजे विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमध्ये होते. तिथून गेम सुरू केला की दोन क्षण काहीतरी हालचाल दिसे आणि बटण पुन्हा पहिल्यासारखे होई, ना संदेश, ना खूण. तेच गेम लिनक्सच्या स्वतःच्या एक्स्ट4 विभाजनावर हलवल्यावर शेडर, म्हणजे पडद्यावरचे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होण्याची पट्टी पाच-सात मिनिटे सरकत राहिली, आणि त्यानंतर गेम असा उघडला की भाचा खुर्ची पुढे ओढून बसला तो जेवायला उठेना.

हे साधले ते प्रोटॉनमुळे. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम सिस्टीमकडे ज्या ज्या गोष्टी मागतो, त्या लिनक्सच्या पद्धतीने पुरवण्याचे काम वाइन हा प्रकल्प 1993 पासून करत आला आहे. चित्र काढण्यासाठी विंडोजच्या डायरेक्टएक्समध्ये दिलेले आदेश लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कनमध्ये उतरवणाऱ्या डीएक्सव्हीकेसारख्या साधनांची जोड त्याला देऊन, स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट 2018 मध्ये प्रोटॉन आणला आणि 2022 मध्ये त्याच पायावर स्टीम डेक हे हातातले यंत्र बाजारात आणले. ऑक्टोबर 2025 च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा प्रथमच 3 टक्क्यांच्या वर गेला. हा आकडा लहान आहे हे मला मान्य आहे.

दुःख आहे ते पुढच्या गोष्टीचे. रात्री नऊ वाजता भाच्याचे नाशिकरोडचे आणि पंचवटीतले मित्र मिळून जो गेम खेळतात, तेवढाच एक चालत नाही. तो संगणकाला झेपत नाही असे नाही. त्याची फसवणूक रोखणारी प्रणाली, म्हणजे अँटी-चीट, लिनक्स दिसताच त्याला बाहेर काढते. वास्तविक ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही प्रचलित प्रणालींनी 2021 मध्येच प्रोटॉनसाठी सोय करून दिली आहे, मात्र ती चालू करायची की नाही हे त्या त्या गेमच्या कंपनीने ठरवायचे असते. सप्टेंबर 2024 मध्ये जीटीए ऑनलाइन या गेमला बॅटलआय जोडले गेले आणि ही सोय चालू न केल्यामुळे स्टीम डेकवर तोपर्यंत व्यवस्थित खेळणारे लोक एका दिवसात बाहेर फेकले गेले.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की गेम तयार करणाऱ्यांनी लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढण्याचा भार उचलू नये, परंतु दुसऱ्यांनी खपून जी वाट तयार केली आहे, ती तरी अडवू नये.

गंगापूररोडकर

तुमच्या म्हणण्याच्या पहिल्या अर्ध्या भागाशी, म्हणजे वेगळी आवृत्ती नको याच्याशी, मी पूर्ण सहमत आहे, आणि तेही पोळलेल्या अनुभवातून. मी आणि माझी एक सहकारी असे आम्ही दोघे मिळून लहान गेम बनवतो. पहिल्या गेमची लिनक्स आवृत्ती आम्ही मोठ्या उत्साहाने काढली होती, कारण गेम बनवण्याच्या इंजिनमध्ये निर्यातीचे बटण दाबले की ती तयार होते. तयार होणे आणि नीट चालणे यांत किती अंतर असते, हे नंतर कळले.

गेममध्ये मिरवणुकीचा एक प्रसंग आहे. त्यासाठी नाशिक ढोलाचे ध्वनिमुद्रण आम्ही स्वतः पंचवटीत जाऊन केले होते. आवाजाच्या फाइलचे इंग्रजी नाव मोठ्या ‘डी’ने जतन झाले होते आणि कोडमध्ये लहान ‘डी’ लिहिला गेला होता. विंडोजला या दोहोंत फरक दिसत नाही, लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. आमच्या संगणकावर ढोल घुमत होता आणि लिनक्सवर मात्र सगळी मिरवणूक मुकी चालली होती. पहिल्या खेळाडूने कळवले तेव्हा आम्ही त्याच्या साउंड ड्रायव्हरला दोष दिला, याची मला आजही रुखरुख आहे.

पुढे याहून वाईट झाले. विंडोज आवृत्तीत आम्ही सुधारणा करत गेलो, लिनक्सची आवृत्ती मागे पडत गेली, आणि स्टीम लिनक्सवर आपणहून ती मागे पडलेली आवृत्तीच उतरवून देत असे. खेळाडू एकमेकांना सांगू लागले की सेटिंगमध्ये जाऊन प्रोटॉन सक्तीने लावा, म्हणजे गेम चांगला चालतो. शेवटी आम्ही ती आवृत्ती काढून टाकली आणि एकही तक्रार आली नाही.

यात लिनक्सच्या बाजूचाही दोष आहे. ऑगस्ट 2022 मध्ये जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या (म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या) 2.36 आवृत्तीत एक जुनी तरतूद वगळली गेली आणि ईझी अँटी-चीट वापरणारे गेम बंद पडले. आर्च लिनक्स या लिनक्सच्या एका प्रकाराला तो बदल परतवावा लागला. पायाच असा हलता राहिला तर दोन माणसांनी कुठे कुठे पुरे पडायचे? प्लॅनेटरी ॲनिहिलेशन या गेमच्या एका डेव्हलपरने जाहीरपणे सांगितले होते की लिनक्सवरील विक्री 0.1 टक्क्याहून कमी होती आणि क्रॅशच्या नोंदी व मदतीच्या मागण्यांत मात्र लिनक्सचा वाटा 20 टक्क्यांहून अधिक होता. आमचा अनुभव याच जातीचा आहे.

सिडकोवासी

ढोलाचा किस्सा मनाला लागला. मात्र तुम्ही दिलेल्या आकड्यासमोर दुसरा एक आकडा ठेवणे आवश्यक वाटते. डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न या गेमच्या डेव्हलपरने 2021 मध्ये आपला हिशेब मांडला होता. सुमारे 12,000 प्रतींपैकी 700 लिनक्सवाल्यांनी घेतल्या होत्या, आणि आलेल्या 1040 तक्रारींपैकी जवळजवळ 400 त्यांच्याकडून होत्या. हे ऐकून कोणीही म्हणेल की हे गिऱ्हाईक महागात पडते. पण त्या 400 पैकी केवळ 3 तक्रारी खास लिनक्सच्या निघाल्या. बाकीचे दोष सगळ्यांनाच छळत होते, फक्त ते नोंदवण्याचे कष्ट या मंडळींनी घेतले होते, आणि तेही लॉग जोडून, पायऱ्या लिहून. अशी तक्रार म्हणजे फुकट मिळालेली चाचणी आहे.

कॉलेजरोड कॅफेवाला

मी धागाकर्त्याशी स्पष्टपणे असहमत आहे. कॉलेज रोडवर माझा गेमिंग कॅफे आहे. पोरे तासाचे पैसे मोजून खेळायला बसतात आणि फसवणूक करून भिंतीपलीकडून नेम धरणारा एखादा समोर आला की दहा मिनिटांत हेडफोन काढून ठेवतात. त्या संध्याकाळी त्यांच्या आनंदावर पाणी पडते आणि माझा धंदाही बसतो.

तुम्ही ज्याला अडवलेली वाट म्हणता, ती त्या कंपन्यांच्या दृष्टीने कुंपणातले भगदाड आहे. लिनक्सवर खेळाडू स्वतःचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बदलून, स्वतः बांधून चालवू शकतो. हे स्वातंत्र्य मला वाईट वाटत नाही, परंतु ज्या सिस्टीमचा गाभाच खेळाडूच्या हातात आहे, तिच्या साक्षीवर अँटी-चीटने विश्वास कसा ठेवायचा? विंडोजवर निदान सही केलेले ड्रायव्हर आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना सही नसलेला गाभा नाकारणारी सोय) यांचा आधार असतो. एपेक्स लेजेंड्स या गेमने 31 ऑक्टोबर 2024 रोजी लिनक्स बंद केले, तेव्हा हेच कारण दिले होते की फसवणूक करणारे त्या मार्गाने येतात आणि तो मार्ग राखण्याचा खर्च तिथल्या खेळाडूंच्या संख्येच्या मानाने परवडत नाही. तीन टक्क्यांची सोय पाहताना उरलेल्यांच्या खेळाचे काय, याचे उत्तर तुमच्या लेखात नाही.

सिडकोवासी

तुमचा आक्षेप गंभीर आहे, तो मी उडवून लावणार नाही. तरीही हेलडायव्हर्स 2 कडे पाहावे. त्याची अँटी-चीट विंडोजवर थेट कर्नलमध्ये बसते आणि तरीही तो गेम प्रोटॉनवर चालतो. एल्डन रिंगची ऑनलाइन बाजूही ईझी अँटी-चीटसह चालते. म्हणजे प्रश्न जमते की नाही असा नसून करायचे की नाही असा आहे. शिवाय कर्नलमध्ये जाऊन बसलेले सॉफ्टवेअर चुकले तर काय होते, हे जुलै 2024 मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने दाखवून दिले. ती अँटी-चीट नव्हती हे खरे, पण 85 लाख विंडोज संगणक एका झटक्यात आडवे झाले. गेम खेळण्यासाठी घरच्या संगणकात इतक्या खोलवर प्रवेश द्यावा का, हा प्रश्न विंडोजवाल्यांनाही पडायला हवा.

कॉलेजरोड कॅफेवाला

हेलडायव्हर्स 2 मध्ये खेळाडू एकत्र येऊन संगणकाने चालवलेल्या शत्रूशी लढतात, एकमेकांशी नाही. तिथे कोणी फसवले तर चौघांचा खेळ बिघडतो, कोणाची क्रमवारी घसरत नाही. उलट काउंटर-स्ट्राइक 2 लिनक्सवर मूळ स्वरूपात, म्हणजे प्रोटॉनशिवाय, चालतो आणि त्याची व्हॅक ही अँटी-चीट कर्नलबाहेर राहते. तिथल्या फसवणुकीबद्दल माझी गिऱ्हाइके काय बोलतात ते एकदा येऊन ऐका. सर्व्हरवरच खेळाडूच्या हालचाली तपासून चोर पकडता आला, तर मी स्वतः निम्म्या यंत्रांवर लिनक्स चढवीन, कारण विंडोजचा परवान्याचा खर्च मलाही जड जातो. तोपर्यंत नाही.

रामकुंडकर

आपण सर्वजण प्रोटॉन कायम राहणार असे गृहीत धरून बोलत आहात, हे मला धोक्याचे वाटते. मूळ लिनक्स आवृत्त्या निघाल्याच नाहीत, तर लिनक्सवरचे गेम कायमचे मायक्रोसॉफ्टच्या रचनेवर आणि व्हॉल्व्ह या एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहतील. लोकी सॉफ्टवेअर ही लिनक्ससाठी गेम रूपांतरित करणारी कंपनी 1998 मध्ये सुरू होऊन 2002 मध्ये बुडाली, असे उदाहरण नेहमी दिले जाते. पण त्याच काळात तिथे वाढलेली एसडीएल ही गेमसाठी चित्र, आवाज आणि बटणे हाताळणारी लायब्ररी आज असंख्य गेम वापरतात, हे कोणी सांगत नाही. लारियनसारख्या मोठ्या स्टुडिओने 2025 मध्ये बाल्डर्स गेट 3 ची स्टीम डेकसाठी खास मूळ आवृत्ती काढली, ती प्रोटॉन असतानाही काढली, कारण अशक्त यंत्रावर मधला थर वगळण्याचा लाभ होतो.

गंगापूररोडकर

रामकुंडकर, लारियनकडे त्यासाठी माणसे आहेत. आमच्यासारख्यांना तुम्ही जे मागता ते देता येणार नाही, आणि खोटे आश्वासन देण्यापेक्षा ते आधीच सांगितलेले बरे. कॅफेवाल्यांच्या मुद्द्यावर मात्र एक जोडतो. लिनक्स बंद करायचेच असेल, तर ज्यांनी पैसे भरले त्यांना ते परत मिळाले पाहिजेत. रॉकेट लीग या गेमने मार्च 2020 मध्ये लिनक्स आणि मॅकवरची ऑनलाइन बाजू बंद केली, तेव्हा परताव्याची सोय ठेवली होती. इतके सौजन्य कोणालाही दाखवता येते.

सिडकोवासी, आमच्या नव्या गेमचा नमुना पुढच्या आठवड्यात तयार होईल. तुमच्या 2017 च्या संगणकावर भाच्याने तो प्रोटॉनमधून चालवून पाहिला तर फार मदत होईल. मिरवणुकीचा प्रसंग या गेममध्येही आहे; ढोल ऐकू येतो का, तेवढे आधी कळवावे.