न्यू हॅम्पशायरमध्ये ‘टॅक्स नाही’ म्हणतात, मग घरपट्टीचं बिल एवढं कसं?

बदली२५:
नॅशुआ, हडसन किंवा हॉलिसमध्ये घर घ्यायचा विचार आहे. नोकरी मॅसॅच्युसेट्समधल्या बर्लिंग्टनला, आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात आणि दोन दिवस घरून. पगारावर राज्याचा आयकर नाही, सेल्स टॅक्स नाही, हे माहीत आहे. पण जाहिरातींतल्या घरांची वर्षाची घरपट्टी दहा-बारा हजार डॉलर दिसते. ती ठरवतं कोण? पैसा जातो कुठे? आणि आयकर खरंच वाचणार आहे का? शक्यतो आकड्यांनिशी सांगा.

आकडेमोड:
आधी आयकर, कारण बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. तुम्ही न्यू हॅम्पशायरला राहिलात तरी मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीत बसून केलेल्या कामाचा पगार मॅसॅच्युसेट्समध्ये करपात्र असतो. दर 5 टक्के, आणि तिथल्या अनिवासींचा रिटर्न भरावा लागतो. न्यू हॅम्पशायर आयकरच घेत नाही, त्यामुळे या रकमेची वजावट देणारंही कुणी नाही.

वाटणी दिवसांवर होते. समजा पगार दीड लाख डॉलर, सुट्ट्या आणि रजा वगळून कामाचे दिवस 240, त्यातले 144 ऑफिसात. म्हणजे 60 टक्के पगार, 90,000 डॉलर, तिकडे करपात्र. साधारण 4,500 डॉलर कर झाला. उरलेल्या 96 दिवसांच्या पगारावर कुठल्याच राज्याचा कर नाही. कोविडच्या काळात मॅसॅच्युसेट्स घरून केलेल्या कामावरही कर घेत होतं. त्याविरुद्ध न्यू हॅम्पशायर थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण जून 2021 मध्ये न्यायालयाने खटला ऐकायला नकार दिला. ती तात्पुरती तरतूद त्याच सप्टेंबरात संपली.

यात दोन गोष्टी बिघडतात. कंपनी बहुधा पूर्ण पगारावर मॅसॅच्युसेट्सचा कर कापते आणि वर्षअखेरच्या डब्ल्यू-2 वर (पगार आणि कापलेल्या कराच्या दाखल्यावर) सगळा पगार तिथलाच दाखवते. जॉइन होतानाच पेरोलला दिवसांचं प्रमाण कळवा. आणि दिवसांची नोंद त्या-त्या दिवशी करा. कर खात्याचं पत्र आलं की कॅलेंडर, ऑफिसच्या दारावरच्या कार्डाच्या नोंदी, कंपनीचं पत्र हेच मागतात. मागाहून आठवून केलेली यादी टिकत नाही.

घर घेतानाचा एक खर्चही धरा. हस्तांतर कर दर शंभर डॉलरला 75 सेंट, तोही विकणाऱ्याला वेगळा आणि घेणाऱ्याला वेगळा. सहा लाखांच्या घराला तुमच्या वाट्याचे 4,500. गाडीची नोंदणीही गावातच होते आणि तिचा कर गाडीच्या मूळ छापील किमतीवर असतो, तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही. चालू वर्षाच्या मॉडेलला हजारी 18 डॉलर, पुढे दर वर्षी 15, 12, 9 असा उतरतो. हॉटेलात जेवलात तर 8.5 टक्के. व्याज-लाभांशावरचा जुना कर मात्र 1 जानेवारी 2025 पासून पूर्ण गेला.

मार्चचा_मंगळवार:
आता घरपट्टी. बिलावर चार ओळी असतात: गाव किंवा शहर, काउंटी, स्थानिक शाळा, आणि राज्याची शिक्षण घरपट्टी. बहुतेक गावांत सर्वांत मोठा आकडा शाळेचा, आणि सगळी गोम तिथेच आहे.

राज्य प्रत्येक विद्यार्थ्यामागे गावाला एक ‘पुरेशी’ रक्कम देतं. 2023-24 मध्ये तिचा पाया 4,100 डॉलर होता, गरीब घरातली मुलं, विशेष शिक्षण वगैरेंसाठी वर थोडी भर. प्रत्यक्षात शाळांचा सरासरी खर्च विद्यार्थ्यामागे 20 हजारांच्या वर जातो. मधली दरी गावाच्या घरपट्टीतून भरायची. ज्या गावात कारखाने, मॉल, तळ्याकाठची महागडी घरं आहेत तिथे कमी दरात भागतं. जिथे नुसती साधी घरं आणि भरपूर मुलं आहेत तिथे दर चढतो. तेवढ्याच किमतीच्या दोन घरांची बिलं दोन गावांत इतकी वेगळी दिसतात ती यामुळेच.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 आणि 1997 च्या क्लेअरमाँट निकालांत सांगितलं की पुरेसं शिक्षण देणं हे राज्याचं घटनात्मक कर्तव्य आहे आणि त्यासाठीचा कर राज्यभर एकाच दराने असला पाहिजे. त्यातून 1999 मध्ये राज्य शिक्षण घरपट्टी आली. नाव राज्याचं असलं तरी ती गावच गोळा करतं आणि गावातच खर्चते. 1 जुलै 2025 ला कॉन्व्हॅल या शाळा जिल्ह्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी 4,100 ही रक्कम अपुरी ठरवली. खालच्या न्यायालयाने किमान 7,356 डॉलर धरले होते. पण पैसे लगेच द्या असा आदेश काही टिकला नाही. काम पुन्हा विधिमंडळाकडे गेलं. त्यामुळे हा निकाल वाचून पुढच्या वर्षी बिल उतरेल असं धरून घराचं बजेट करू नका.

माझं स्पष्ट मत: ही व्यवस्था अन्यायाची आहे. कर नाही असं नाही, तो उत्पन्नाऐवजी घरावर आहे. नोकरी गेली तरी बिल तेवढंच येतं. पण आयकर किंवा सेल्स टॅक्स आणणार नाही अशी शपथ घेतल्याशिवाय इथे गव्हर्नरच्या निवडणुकीत उभं राहणं अवघड, आणि दोन्ही पक्षांचे उमेदवार ती घेत आले आहेत.

डिसेंबरच्या बिलाबद्दल एक सूचना. बहुतेक ठिकाणी वर्षाला दोन बिलं येतात, जुलै आणि डिसेंबर. पहिलं मागच्या वर्षीच्या निम्म्या दराने काढलेलं अंदाजी असतं. खरा दर राज्याचं महसूल खातं शरद ऋतूत ठरवतं आणि सगळी वाढ दुसऱ्या बिलात येते. नवीन बांधकाम घेत असाल तर अधिक जपा: मूल्यांकन 1 एप्रिलच्या स्थितीवर होतं. त्या दिवशी घर 40 टक्केच झालं असेल तर पहिल्या वर्षी कर तेवढ्यावरच बसतो. बँक एस्क्रो (घरपट्टीसाठी हप्त्यातच घेतली जाणारी रक्कम) त्यावरून ठरवते आणि पुढच्या वर्षी मासिक हप्ता एकदम उडी मारतो. खरेदीआधी असेसरच्या, म्हणजे गावाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याच्या, ऑफिसातून पूर्ण घराचं अपेक्षित मूल्य विचारून घ्या.

बदली२५:
दोघांचे आभार. दोन शंका. गावाने लावलेलं मूल्य बाजारभावापेक्षा कमी असेल तर तक्रारीला जागाच उरत नाही, बरोबर? आणि आम्ही एच-1बी व्हिसावर आहोत, गावाचं बजेट ठरवणाऱ्या मार्चच्या सभेत (टाउन मीटिंगमध्ये) आम्हाला काही करता येतं का?

आकडेमोड:
पहिल्या शंकेचं उत्तर: जागा उरते, आणि याच गैरसमजापायी लोक पैसे सोडतात. प्रश्न मूल्य बाजारभावाच्या वर आहे का हा नसतो, इतरांच्या मानाने जास्त आहे का हा असतो. गावाने लावलेली मूल्यं बाजारभावाच्या किती टक्के आहेत याचं सरासरी प्रमाण राज्य दरवर्षी प्रत्येक गावासाठी काढतं. समजा ते 85 टक्के आहे. तुमच्या घराचा 1 एप्रिलचा बाजारभाव 6 लाख, गावाने लावलेलं मूल्य 5,60,000. योग्य मूल्य 6 लाखांच्या 85 टक्के, म्हणजे 5,10,000. जास्तीचे 50,000. दर हजारी 20 असेल तर वर्षाला हजार डॉलर तुम्ही इतरांचे भरताय.

अर्ज गावाच्या असेसरकडे, डिसेंबरच्या अंतिम बिलानंतरच्या 1 मार्चपर्यंत. गावाने 1 जुलैपर्यंत उत्तर द्यायचं. गप्प बसले तर तो नकारच. मग 1 सप्टेंबरपर्यंत राज्याच्या जमीन व कर अपील मंडळाकडे किंवा सुपीरियर कोर्टात जायचं, दोन्हीकडे नाही. या तारखांत सूट मिळत नाही. अर्जावर मालकाची स्वतःची सही हवी. एजंटच्या एकट्याच्या सहीवर अर्ज अडकतो. तक्रार चालू असली तरी बिल वेळेवर भरा, थकबाकीवर 8 टक्के व्याज चढतं.

आधी असेसरकडून घराचं प्रॉपर्टी कार्ड (मूल्य लावताना धरलेल्या तपशिलांची नोंद) मागवा. अर्ध्याअधिक कामाच्या चुका तिथेच सापडतात: चौरस फूट जास्त, नसलेलं बाथरूम, कच्चं तळघर ‘फिनिश्ड’ म्हणून लिहिलेलं. नाहीतर 1 एप्रिलच्या आसपास विकलेली तीन-चार सारखी घरं दाखवा. ‘कर फार आहे’ किंवा ‘मागच्या वर्षीपेक्षा वाढला’ या मुद्द्यांवर काहीच मिळत नाही. गावभर फेरमूल्यांकन झालं, म्हणजे किमान पाच वर्षांनी एकदा, तर सगळ्यांची मूल्यं वाढतात आणि दर खाली येतो. तुमचं मूल्य सरासरीहून जास्त वाढलं तरच तुमचा वाटा वाढतो.

मार्चचा_मंगळवार:
दुसरी शंका. नॅशुआ शहर असल्याने तिथे टाउन मीटिंग नाही. मेयर अर्थसंकल्प मांडतात आणि बोर्ड ऑफ ऑल्डरमेन (नगरसेवकांचं मंडळ) तो मंजूर करतं. हॉलिसमध्ये लोक सभागृहात बसून चर्चा करून तिथेच हात वर करतात. ग्रामसभेसारखी, पण इथे ठरलेल्या रकमेवरच कर बसतो. हडसनमध्ये दोन टप्पे: आधी चर्चेची सभा, मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी मतपेटी. चर्चेच्या सभेला माणसं फार थोडी येतात, आणि बजेटचा आकडा तिथेच बदलता येतो. मतपत्रिकेवर फक्त हो किंवा नाही उरतं. बजेट पडलं तर मागच्या वर्षावर आधारलेलं ‘डिफॉल्ट’ बजेट लागू होतं, आणि ते कधी कधी पडलेल्या बजेटपेक्षा मोठं असतं.

थोड्या माणसांनी काय होतं त्याचं उदाहरण याच राज्यातलं क्रॉयडन गाव. मार्च 2022 च्या सभेत शाळेचं 17 लाख डॉलरचं बजेट 20 विरुद्ध 14 मतांनी 8 लाखांवर आलं. ते फिरवायचं तर निम्म्याहून अधिक नोंदणीकृत मतदार हजर हवे होते. मे महिन्यात घरोघरी फिरून लोकांना बोलावलं आणि 377 विरुद्ध 2 मतांनी बजेट परत आलं.

एच-1बी किंवा ग्रीन कार्डवर मत देता येत नाही, आणि चुकूनही मतदार नोंदणीच्या टेबलाशी फॉर्म भरू नका. इमिग्रेशनवर त्याचा गंभीर परिणाम होतो. मूल्यांकनाची तक्रार मात्र कुठलाही मालक करू शकतो. बजेटची जाहीर सुनावणी जानेवारी-फेब्रुवारीत असते, तिथे प्रश्न विचारायला नागरिकत्व लागत नाही. चर्चेच्या सभेत बोलायचं असेल तर मॉडरेटर (सभा चालवणारा) सभेची परवानगी घेतो, म्हणून सुरू व्हायच्या आधीच त्याला भेटा. पुढे नागरिक झालात की पहिल्या नोंदणीला पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मूळ प्रत घेऊन जा. नोव्हेंबर 2024 पासून त्याशिवाय नोंद होत नाही.